जाळ्यापूर्वीची ओळख

समुद्राच्या पाण्यात सूर्यप्रकाश फार खोलवर जात नाही, आणि आपल्या उत्तर कोकणच्या गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरची वस्तूही डोळ्यांना दिसेनाशी होते. परंतु ज्या पाण्याने दृष्टीला मज्जाव केला, त्याच पाण्याने ध्वनीला मात्र मुक्तद्वार दिले आहे, आणि हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा आवाज समुद्रात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने धावतो. जलचरांनी आपला भक्ष्यशोध, आपली मीलने आणि आपले परस्परांतील इशारे या ध्वनीवर सोपवले, ते मनुष्याने पाण्याला कान लावण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी. आज आपल्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांवर तांडेलाच्या समोर रंगीत पडद्याचे ध्वनियंत्र असते, आणि पाण्याखाली मासळी आहे किंवा नाही हे ते यंत्र क्षणात सांगते. ती मासळी कोणती, हे मात्र ते सांगत नाही. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून फार मोठा आहे आणि आपल्या राज्यकर्त्यांनी, संशोधन संस्थांनी व मच्छिमार संघटनांनी तो आजवर गांभीर्याने हाती घेतलेला नाही, असे मला वाटते.

या विद्येचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला गेला. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर हिमनगांचा सुगावा आधीच लागावा म्हणून प्रतिध्वनीच्या यंत्रांकडे संशोधक वळले. आणि पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भयाने फ्रान्समध्ये लाँजव्हँ या पदार्थविज्ञानवेत्त्याने स्फटिकाच्या साहाय्याने पाण्यात उच्च कंपनांचा ध्वनी सोडण्याची युक्ती सिद्ध केली. मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाचे पर्व यानंतरचे आहे. १९३३ साली रोनाल्ड बॉल्स नावाच्या इंग्रज तांडेलाने आपल्या नौकेवर समुद्राची खोली मोजण्याचे यंत्र बसवून त्याच्या कागदावर हेरिंग माशांचे थवे उमटतात हे पाहिले, आणि १९३५ साली ऑस्कर सुंद या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने लोफोटेनच्या पाण्यात विणीसाठी जमलेल्या कॉड माशांच्या थरांची प्रतिध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. १९४८ साली जपानच्या नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी मासे शोधण्याचे यंत्र विक्रीस आणले, आणि तेव्हापासून ही विद्या प्रयोगशाळेतून थेट बंदरात उतरली.

या यंत्राला मुळात ऐकू काय येते, हे नीट समजून घेतल्यावाचून पुढची चर्चा व्यर्थ आहे. माशाचे मांस घनतेने जवळजवळ पाण्यासारखेच असल्यामुळे ध्वनिलहर त्यातून फारशी दाद न देता निघून जाते. ती अडते आणि परत फिरते ती माशाच्या पोटातील वायूने भरलेल्या पिशवीवर, म्हणजे वाताशयावर. अशी पिशवी असलेल्या माशापासून येणाऱ्या प्रतिध्वनीचा ९० ते ९५ टक्के भाग एकट्या वाताशयाचा असतो, हे केनेथ फूट या संशोधकाने १९८० साली दाखवून दिले. म्हणजे पडद्यावर जो लाल पट्टा दिसतो तो माशाचा नव्हे, माशाने पोटात बाळगलेल्या वायूचा. यातून अशी आपत्ती ओढवते की, ज्यांना वाताशयच नाही ते मासे यंत्राच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नसतात. मुशी आणि पाकट यांना वाताशय नसते, समुद्राच्या तळाला चिकटून राहणाऱ्या प्रौढ लेपांना नसते, आणि ज्या मासळीने मुंबईचे नाव जगभर नेले त्या बोंबलालाही नसते. बोंबलाचे अंग पाणीदार, हाडे मऊ आणि पोटात वायू नाही. अशा माशाचा प्रतिध्वनी यावा तरी कोठून? खेरीज समुद्रतळाच्या अगदी लगत असलेला मासा तळाच्या प्रचंड प्रतिध्वनीत बुडून जातो, त्यामुळे तळ धरून राहणाऱ्या कित्येक जाती यंत्राला निसटून जातात.

उलट बाजूने ही फसवणूक किती मोठी होऊ शकते याचा दाखला दुसऱ्या महायुद्धात मिळाला. १९४२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकन आरमाराच्या शास्त्रज्ञांना खोल समुद्रात तीनचारशे मीटरवर दुसरा तळ असावा असा एक अखंड थर आढळला. पुढे मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने तो थर रात्री वर येतो आणि उजाडताच खाली उतरतो हे सिद्ध केले तेव्हा कळले की, ज्याला तळ समजण्याचा मोह होत होता तो थर जिवंत होता. छोटे मासे आणि इतर जीव यांचा तो अफाट समुदाय होता. आपल्या अरबी समुद्राच्या पोटात असे थर विपुल आहेत, आणि १९७५-७६च्या सुमारास ‘डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन’ या नॉर्वेजियन संशोधन नौकेने त्यांचा मागोवा घेतला तेव्हा दिव्यासारखे चमकणारे लहान मासे येथे प्रचंड प्रमाणात असल्याचे जगाला कळले.

मग प्रतिध्वनीवरून जात ओळखता येतच नाही काय? येते, पण त्यासाठी एकाच सुरात विचारून भागत नाही. सेकंदाला ३८,००० कंपने असलेल्या ध्वनीची लहर पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची असते, तर २,००,००० कंपनांची लहर जेमतेम साडेसात मिलिमीटरची. पहिली दूरवर जाते, दुसरी लवकर विरते, पण बारकावे अधिक सांगते. एकाच थव्यावर चारपाच निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी एकाच वेळी सोडल्या म्हणजे वाताशय असलेला मासा, वाताशय नसलेला मासा आणि कोळंबीसारखा कवचधारी जीव हे तिघे भिन्न भिन्न प्रकारे उत्तर देतात. वाताशय नसलेला अटलांटिक बांगडा ३८,००० कंपनांना मंद आणि २,००,००० कंपनांना त्याहून ठळक प्रतिसाद देतो, आणि नॉर्वेच्या संशोधकांनी याच खुणेवर त्याला हेरिंगच्या थव्यांपासून वेगळा काढला. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातील क्रिल नावाच्या छोट्या जीवांची मोजदाददेखील अशाच दोन सुरांच्या तफावतीवर चालते. हे काम निसर्गात कोणी पूर्णत्वास नेले आहे म्हणाल तर ते ओर्का या देवमाशांच्या कुळातील शिकाऱ्याने: उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रात अनेक जातींचे साल्मन मिसळून पोहत असता त्यांतून संख्येने विरळ असलेला चिनूक तेवढा तो नेमका निवडतो. प्रत्येक जातीच्या वाताशयाची घडण वेगळी असल्याने तिच्या प्रतिध्वनीची ठेवणही वेगळी असते, आणि ती ठेवण ओर्काला ओळखता येत असावी, असा निष्कर्ष व्हिटलो ऑ या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांवरून काढला आहे.

नॉर्वेला जे साधले ते आपल्याला तसेच्या तसे उचलून आणता येणार नाही. थंड समुद्रांत जाती थोड्या आणि थवे मोठे असतात. हेरिंगचा थवा म्हणजे मैलभर हेरिंगच. आमच्या उष्ण आणि उथळ समुद्रात एका ओढीला मांदेली, करंदी, बोंबील, ढोमा, वाकटी, शिंगाळा, माकुल असा सगळा गोतावळा एकत्र येतो, आणि त्या गर्दीचा प्रतिध्वनी एकच एक येतो. अलीकडे संगणकाला शिकवून जाती ओळखण्याच्या कल्पनेचा मोठा गाजावाजा आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. तथापि उत्तर अटलांटिकच्या कॉड-हेरिंगवर शिकलेला संगणक साताठ वाव पाण्यातला ढोमा कशाच्या आधारे ओळखणार? त्याला शिकवायचे तर प्रत्येक जातीचा प्रतिध्वनी नोंदवून त्याच क्षणी जाळे टाकून खाली खरोखर काय होते हे पाहिले पाहिजे, आणि हे शेकडो वेळा, निरनिराळ्या ऋतूंत, भरती-ओहोटीच्या निरनिराळ्या प्रहरी केले पाहिजे. त्याला दुसरी पळवाट नाही.

हे आपल्याला अशक्य होते असे कोणी म्हणू नये. १९७१ ते १९७९ या काळात कोचीन येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने जो मत्स्यप्रकल्प चालला त्यात ‘रास्ट्रेलिजर’ नावाच्या नौकेने नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तारली आणि बांगड्यांचे साठे प्रतिध्वनीने मोजले होते. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेली ‘सागर संपदा’ ही संशोधन नौका या देशाच्या दिमतीला आली. ज्ञान होते, नौका होती, माणसे होती. अभाव होता तो सातत्याचा, आणि त्याहून अधिक या समजुतीचा की, प्रतिध्वनीची नोंद हे सातबाराच्या उताऱ्याइतकेच मोलाचे सरकारी दफ्तर आहे. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या किनाऱ्यापुढील पाण्याची अशी नोंदवही नाही, ही गोष्ट मला खंतावणारी वाटते.

येथवर मी यंत्राने सोडलेल्या ध्वनीविषयी बोललो. पण समुद्रात माशाची जात ओळखण्याचा सर्वांत निश्चित मार्ग मासा स्वतःच उघडा करून देतो, कारण तो बोलतो. घोळ, कोथ, ढोमा ज्या कुळातले आहेत त्या कुळातील माशांचे विशेष स्नायू वाताशयावर नगाऱ्यासारखे आघात करतात, आणि विणीच्या दिवसांत सायंकाळपासून त्यांचा समूहनाद पाण्यात घुमू लागतो. १९४२ साली अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात शत्रूच्या पाणबुड्या ऐकण्यासाठी लावलेली आरमारी श्रवणयंत्रे याच कुळातल्या माशांच्या गजराने निकामी ठरली. पुढे मेरी पोलंड फिश या विदुषीने आरमाराच्या सहकार्याने माशांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले आणि १९७० साली आपल्या सहकाऱ्यासह उत्तर अटलांटिकच्या पश्चिम भागातील माशांच्या आवाजांचा ग्रंथ सिद्ध केला. पाणबुडी आणि मासा यांतला भेद सैनिकाच्या कानाला कळावा म्हणून आरंभलेले काम अशा रीतीने मत्स्यविद्येचे भूषण ठरले. आपल्याकडेही गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाच्या परिसरात श्रवणयंत्रे पाण्यात सोडून माशांचे असे समूहनाद नोंदवले आहेत, आणि त्या कामाचा मी मोठ्या आदराने उल्लेख करतो.

हे श्रवण शास्त्रज्ञांच्या जन्माआधीचे आहे. मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर ‘जुरु सेलाम’ म्हणून ओळखला जाणारा निष्णात कोळी नौकेच्या कडेने पाण्यात उतरून, डोके बुडवून, नुसत्या कानाने थवा कोणत्या जातीचा आणि किती मोठा हे सांगत असे, आणि त्याच्या इशाऱ्यावाचून जाळे पडत नसे. चीनमध्ये मिंग राजवटीच्या काळात पिवळ्या क्रोकरचे (हा आपल्या घोळीचा सगोत्र मासा) थवे शोधण्यासाठी पाण्यात बांबूची नळी उभी धरून कान लावत. पण या चिनी माशाची पुढची कथा आपण लक्षपूर्वक ऐकली पाहिजे. १९५०च्या दशकात तेथे अनेक होड्यांचा घेर करून फळ्या बडवण्याची पद्धत बेसुमार पसरली. त्या नादाने या ध्वनिसंवेदनशील माशांची शुद्ध हरपून लहान-थोर सगळे वर येत, आणि अखेर सरकारला त्या पद्धतीला बंदी घालावी लागली. त्यानंतर यांत्रिक नौकांनी हिवाळ्यात खोल पाण्यात विसावणाऱ्या थव्यांना गाठले, १९७४ साली विक्रमी मासळी काढली, आणि त्यानंतर तो मासा असा काही नाहीसा होत गेला की आज चिनी बाजारातला हा मासा बहुतांशी मत्स्यशेतीत वाढवलेला असतो. जो आवाज त्या जातीला वंशवृद्धीसाठी एकत्र आणत होता, तोच तिच्या विनाशाला कारण झाला.

मेक्सिकोत कोलोरॅडो नदीच्या मुखाशी गल्फ कॉर्व्हिना नावाचा मासा वसंत ऋतूत विणीसाठी जमतो. ब्रॅड एरिसमन आणि टिमोथी रोवेल या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या मेळाव्यात सुमारे पंधरा लाखांपर्यंत मासे असल्याचा आणि त्यांचा समूहनाद समुद्रातील सर्वांत प्रचंड जीवध्वनींत गणण्याजोगा असल्याचा निर्वाळा दिला. तेथील मच्छिमारांना हा नाद नौकेत बसून ऐकू येतो, आणि त्या आधारे एकेक लहान नौका मिनिटांत मणांनी मासळी भरते. ज्याला हा आवाज ऐकू आला त्याच्या हाती त्या जातीचा जीव आला, इतका हा मामला सरळ आहे.

आपल्या घोळीचा जीवही असाच टांगणीला लागला आहे. तिच्या वाताशयाला, ज्याला बंदरावर बोत म्हणतात, पूर्वेकडच्या देशांत सोन्याच्या तोलाची मागणी असल्याने २०२१च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातील एका नौकेला मिळालेल्या १५७ घोळींना १ कोटी ३३ लाख रुपये मिळाल्याची बातमी वृत्तपत्रांतून गाजली. त्या नौकेवरच्या माणसांचा आनंद रास्त होता. समुद्राने वर्षानुवर्षे तोट्यात ठेवलेल्या घरांत लक्ष्मी आली. परंतु १५७ मोठे मासे एका जाळ्यात सापडतात ते बहुधा एकत्र जमलेले असतात म्हणूनच, आणि एकत्र जमण्याचे त्या जातीचे सर्वांत मोठे निमित्त वीण हेच होय. याच घोळीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क टोकावरील इंजिनू येथील आदिवासी समाजाला गेल्या शतकाच्या अखेरीस असे आढळले की, मेळाव्याच्या ठिकाणी आता प्रौढ मासे मिळत नाहीत, नुसती पिलावळ मिळते; तेव्हा त्यांनी आपखुशीने दोन वर्षे ती मासेमारी थांबवली. बोताचा व्यापार तेथे पोहोचल्यावर क्वीन्सलँडच्या सरकारनेही २०१९पासून घोळीच्या वार्षिक पकडीला टनांची हद्द घालून दिली.

या पार्श्वभूमीवर आपली स्थिती पाहा. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीला किमान आकाराची मर्यादा घालून दिली, पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पर्ससीन जाळ्यांवर २०१६पासून निर्बंध आहेत, प्रखर दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ साली मनाई केली. हे सर्व हुकूम योग्यच आहेत. पण किमान आकाराची तपासणी होते ती धक्क्यावर, मासा मेल्यानंतर. त्यावेळी दंड करून सरकारी खजिन्यात चार रुपये पडतील, पापलेटाचे पिल्लू पुन्हा पाण्यात पोहणार नाही. मर्यादेचे पालन व्हावे अशी खरी इच्छा असेल, तर थवा कोणत्या जातीचा व कोणत्या आकाराचा आहे हे तांडेलाला जाळे सोडण्यापूर्वी कळले पाहिजे, आणि हे कळणे ध्वनीवाचून शक्य नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून उपग्रहांच्या आधारे संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना मराठीतूनही मिळते; ती कोठे जावे हे सांगते, कशावर जाळे टाकू नये हे सांगत नाही. तेवढ्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

मला ठाऊक आहे की, यावर बंदरातून एक रास्त आक्षेप येईल. जात ओळखणारे यंत्र निघाले तर ते महागडे असणार, ते बड्या नौकांनाच परवडणार, आणि ज्या डोलकराचे जाळे खुंट्याला बांधून भरतीच्या ओढीवर उभे असते, म्हणजे जो मासळीचा पाठलाग करतच नाही, त्याच्या वाट्याला पूर्वीहून रिकामे जाळे येणार. हे भय खोटे नाही. चिनी उदाहरण हेच सांगते की, ओळख ज्यांच्या हाती एकवटली त्यांनी तिचा उपयोग संयमासाठी केला नाही. म्हणूनच ही विद्या आधी सार्वजनिक संस्थांच्या हाती आणि सार्वजनिक दफ्तरात उभी राहिली पाहिजे. बाजारातून ती उतरली तर तिचा पहिला उपयोग शेवटची घोळ शोधण्यासाठी होईल.

माझ्या मते तजवीज अवघड नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था व गोव्याची समुद्रविज्ञान संस्था यांनी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याशी मिळून डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत निवडक ठिकाणी वर्षभर श्रवणयंत्रे ठेवावीत, आणि घोळ, कोथ, ढोमा यांच्या विणीचे नाद कोणत्या पाण्यात, कोणत्या तिथीला, किती काळ ऐकू येतात हे नोंदवावे. त्याच पाण्यात अनेक कंपनसंख्यांची प्रतिध्वनियंत्रे आणि पडताळणीचे जाळे फिरवून महत्त्वाच्या जातींच्या खुणा निश्चित कराव्यात. या कामावर तांडेलांना पगारी सहकारी म्हणून नेमावे, केवळ नौका भाड्याने देणारे म्हणून नव्हे. पाण्याचा रंग, पक्ष्यांचा फेर, वाऱ्याची दिशा आणि पडद्यावरील डागाचा आकार यांच्या मेळातून ते आजही थव्याची जात बऱ्याच अंशी ओळखतात, आणि हे ज्ञान त्यांच्याबरोबर विझू देणे हा मोठा अपव्यय होईल. विणीच्या जागांची नोंद मात्र त्या जागेच्या संरक्षणाचा हुकूम निघेपर्यंत प्रसिद्ध करू नये. माहिती मुक्त असावी हे तत्त्व मला मान्य आहे, पण ज्या माहितीने एका रात्रीत एका जातीचा पिढीजात मेळावा उठवता येतो ती माहिती आधी बंदोबस्त आणि मग प्रसिद्धी याच क्रमाने खुली झाली पाहिजे.

मासेमारी बंदीची मुदत दरवर्षी वादाचा विषय होते. कोणी ती वाढवा म्हणतो, कोणी कमी करा म्हणतो, आणि दोन्ही बाजू अनुमानावर भांडतात. माशांच्या आवाजांची पाच-सात वर्षांची सलग नोंद हाती असेल तर कोणत्या जातीची वीण कधी सुरू होते आणि कधी संपते हे ती नोंदच सांगेल, आणि सरकारला व संघटनांना एकाच कागदासमोर बसावे लागेल. राज्याच्या मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना माझी विनंती आहे की, येत्या अंदाजपत्रकात या श्रवणकार्यासाठी स्वतंत्र रक्कम मांडावी आणि पहिली यंत्रे येत्या विणीच्या हंगामापूर्वी पालघरच्या पाण्यात उतरवावीत.